काडातली साखर कुठे अडकते: बुरशी, एन्झाइम आणि इथेनॉल, प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

गव्हाचं काड दळून चाळून डब्यात भरलं. २ मिमीच्या खालचा भाग घेतेय, त्याहून बारीक मुद्दाम करत नाहीये, कारण दळण्यातच एवढी वीज घालवली तर पुढे इंधन बनवून मिळवलं काय. थोडं काड १०५ डिग्रीला ओव्हनमध्ये ठेवलंय ओलावा बघायला, सगळे हिशोब सुक्या वजनावरच करायचे, नाहीतर पुढे एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही.

कमाल किती मिळू शकतं ते आधीच लिहून ठेवते म्हणजे नंतर कुठलंही रीडिंग आलं की याच्याशी ताडून बघता येईल. गव्हाच्या काडात साधारण ३५ ते ४० टक्के सेल्युलोज (ग्लुकोजच्या लांब साखळ्या), २० ते ३० टक्के हेमिसेल्युलोज (मुख्यतः झायलोज या दुसऱ्या साखरेच्या साखळ्या), १५ ते २० टक्के लिग्निन (साखर नसलेला, सगळं घट्ट धरणारा भाग), बाकी राख, सिलिका, मेण वगैरे. १०० ग्रॅम सुक्या काडात ३६ ग्रॅम सेल्युलोज धरलं तर साखळी तुटताना प्रत्येक जोडाला पाण्याचा एक रेणू लागतो म्हणून १.११ ने गुणायचं, म्हणजे ४० ग्रॅम ग्लुकोज. एक ग्रॅम ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ०.५१ ग्रॅम इथेनॉल, बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. म्हणजे २० ग्रॅमच्या जरा वर, साधारण २६ मिली. हेमिसेल्युलोजमधली साखर यात धरलेली नाही.

तर प्रकल्प एवढाच आहे, या २६ मिलीपैकी खरंच हातात किती येतात आणि जे येत नाहीत ते नेमके कुठल्या पायरीवर अडकून बसतात ते शोधायचं.

७ जानेवारी

प्रीट्रीटमेंट, म्हणजे एन्झाइमच्या आधीची काडाची तयारी. कच्च्या काडावर थेट एन्झाइम (साखळ्या तोडणारी प्रथिनं) टाकून फारसं काही होत नाही, सेल्युलोजचे धागे हेमिसेल्युलोजमध्ये गुंडाळलेले असतात आणि त्यावर लिग्निन, एन्झाइमचा रेणू एवढा मोठा असतो की आत शिरायला वाटच नसते. डायल्युट ॲसिड की अल्कली यावर बराच वेळ चर्चा झाली. ॲसिडने हेमिसेल्युलोज विरघळून झायलोज बाहेर येतं पण तापमान आणि वेळ जरा वाढला की त्याच झायलोजचं फरफ्युरल होतं, ग्लुकोजचं एचएमएफ होतं आणि दोन्ही पुढे साखरेचं इथेनॉल करणाऱ्या यीस्टला त्रासदायक. माझं मत पहिल्यापासून अल्कलीकडे होतं, लिग्निन काढायचंय तर सोडियम हायड्रॉक्साइड, २ टक्के, १२१ डिग्री, ऑटोक्लेव्हमध्ये एक तास. शेवटी तेच केलं.

बाहेर काढल्यावर काड ओळखू येत नाही. कडकपणा गेलेला, दोन बोटांत दाबलं (हातात ग्लोव्ह आहेत) की धागे वेगवेगळे होतात, फुगलेले आणि बुळबुळीत. वरचं पाणी काळंकुट्ट, सगळं लिग्निन त्यात. धुवायला मात्र अंत नाही, कापडातून गाळायचं, पिळायचं, परत पाणी, पीएच पेपर लावायचा, परत निळाच. अल्कली राहिली तर पुढचा बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) तिला पेलणार नाही म्हणून न्यूट्रल होईपर्यंत धुतलं. काळं पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही असं ठरलंय, ते वेगळ्या कॅनमध्ये. त्यात ॲसिड टाकून पीएच २ च्या आसपास आणला की लिग्निन तपकिरी गाळ होऊन खाली बसतं, तो गाळ सुकवून ठेवतोय.

धुण्यात गेलेलं पाणी बघून वाईट वाटलं खरं. मोठ्या प्रमाणावर हे असं चालणार नाही, वाफेचा दाब एकदम सोडून काड फोडायची पद्धत त्यासाठीच वापरतात.

९ जानेवारी

धुतलेल्या काडाचं पृथक्करण. ७२ टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ३० डिग्रीला एक तास, मग ४ टक्क्यांपर्यंत पातळ करून १२१ डिग्रीला एक तास, जे विरघळत नाही ते लिग्निन आणि राख. सेल्युलोज ६० टक्क्यांच्या आसपास आलंय, लिग्निन बरंच खाली आलंय, झायलान (हेमिसेल्युलोजमधली झायलोजची साखळी) बऱ्यापैकी शिल्लक आहे. अल्कलीचं हे असंच असतं, झायलान पूर्ण जात नाही. म्हणजे आपल्याला सेल्युलोज तोडणाऱ्या सेल्युलेजसोबत झायलान तोडणारं झायलनेजही लागणार. बुरशी दोन्ही बनवते.

१२ जानेवारी

ट्रायकोडर्मा रीसेई या बुरशीचा स्लांट (ट्यूबमध्ये जपलेला साठा) काढून पीडीए (बटाट्याचं माध्यम) प्लेटवर टोचला. रट-सी३० हा स्ट्रेन (वाण).

या बुरशीचा इतिहास टीममधल्या नव्या मुलांना सांगितला, इथेही लिहिते कारण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात सोलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे कॅनव्हासचे तंबू आणि कापडी सामान सडायला लागलं, ते कोण खातंय ते शोधताना जी बुरशी सापडली तिचा स्ट्रेन क्यूएम६ए. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी नॅटिकच्या सैनिकी प्रयोगशाळेत तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. आधी तिला ट्रायकोडर्मा व्हिरिडी म्हणत, नंतर ती वेगळी प्रजाती निघाली आणि रीस यांच्या नावावरून रीसेई झाली. म्हणजे सुरुवात कापूस सडू नये म्हणून काय करायचं या प्रश्नापासून आणि मग १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकल्यावर प्रश्न उलटा झाला, कापूस, काड, लाकूड मुद्दाम लवकर कसं सडवायचं. आज कारखान्यात वापरतात ते या बुरशीचे जवळपास सगळे स्ट्रेन त्या एका क्यूएम६ए पासूनच आलेत.

रट-सी३० हा रटगर्स विद्यापीठात म्युटेशन करून काढलेला. मूळ बुरशीला ग्लुकोज दिसलं की ती सेल्युलेज बनवणं थांबवते, आयतं मिळतंय तर कष्ट कशाला, आणि हा ब्रेक लावणारा सीआरई१ हा जीनच यात तुटलेला आहे. त्यामुळे माध्यमात थोडं ग्लुकोज असलं तरी काम चालू राहतं.

१७ जानेवारी

प्लेट छान भरली. आधी पांढरी कापसासारखी बुरशी, मग उजेडात ठेवल्यावर हिरवे बीजाणू. बीजाणू पाण्याला धरत नाहीत, नुसतं पाणी ओतलं तर थेंब वरून घरंगळतात, म्हणून ०.१ टक्का ट्वीन-८० (साबणासारखा पदार्थ) घातलेल्या पाण्याने हळूच खरवडून घेतले. हीमोसायटोमीटरखाली मोजून फ्लास्कमध्ये दर मिलीला १० लाख बीजाणू पडतील असं टोचलं.

माध्यम मँडेल्सचं नेहमीचं, अमोनियम सल्फेट, पोटॅशियम फॉस्फेट, युरिया, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह, मँगनीज, झिंक, कोबाल्ट अगदी किंचित. कार्बनसाठी बाजारातलं शुद्ध सेल्युलोज न घालता आपलंच धुतलेलं काड घातलंय. मला हेच पटतं, ज्या काडावर एन्झाइम काम करणार आहे तेच काड खाऊन ते बनू दे, बुरशी समोर काय आहे ते बघून झायलनेज, सेल्युलेज, बारीकसारीक फांद्या छाटणारे एन्झाइम सगळं त्या मापाने सोडते. शेकर २८ डिग्री, १६० आरपीएम.

२० जानेवारी

पीएच ३.५ च्या खाली घसरला होता, बुरशी अमोनियम खाते आणि बदल्यात आम्ल सोडते, दिवसातून दोनदा बघून ५ च्या आसपास आणतेय. फ्लास्कमध्ये आता काडाचे तुकडे वेगळे दिसत नाहीत, तंतूंनी सगळं एकत्र धरून ठेवलंय.

२५ जानेवारी

ब्रॉथ (बुरशी वाढलेलं द्रव माध्यम) सेंट्रिफ्यूज केला, वरचं पिवळसर पाणी म्हणजे आपलं एन्झाइम. शुद्ध बिद्ध काही करत नाही, आहे तसंच वापरायचं.

फिल्टर पेपर ॲसे केली, म्हणजे एन्झाइमची ताकद मोजली. व्हॉटमन नंबर १ ची १ बाय ६ सेंमीची पट्टी, म्हणजे ५० मिग्रॅ, गुंडाळून टेस्ट ट्यूबमध्ये, सायट्रेट बफर पीएच ४.८, ५० डिग्रीला बरोबर एक तास. मग डीएनएस (साखर दाखवणारं रसायन) घालून ५ मिनिटं उकळायचं, साखर असेल तर पिवळ्याचा लालसर तपकिरी होतो, ५४० नॅनोमीटरला रीडिंग. एन्झाइम वेगवेगळं पातळ करून बघायचं आणि मूळ एन्झाइमचा जेवढा हिस्सा ठेवला की तासात बरोबर २ मिग्रॅ ग्लुकोज सुटतं तो काढून ०.३७ ला त्या हिश्श्याने भागलं की एफपीयू (एन्झाइमच्या ताकदीचं एकक). ही ॲसे सरळ रेषेत चालत नाही, दुप्पट एन्झाइम टाकलं म्हणून दुप्पट साखर येत नाही, म्हणूनच २ मिग्रॅचा बिंदू ठरवून दिलेला आहे. नव्या मुलांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, एकाच डायल्युशनवरून आकडा काढायचा नाही.

ॲक्टिव्हिटी चांगली आहे. पुढे जायला हरकत नाही.

२८ जानेवारी

हायड्रोलिसिस (एन्झाइमने काडाची साखर करणं) सुरू. ५ टक्के काड, सायट्रेट बफर ४.८, दर ग्रॅम सेल्युलोजला १५ एफपीयू, ५० डिग्री, शेकरवर. कंटॅमिनेशन नको म्हणून थोडं सोडियम अझाइड. विषारी आहे, लेबल मोठं लावलंय, आणि हे फ्लास्क पुढे फर्मेंटेशनला जाणार नाहीत.

सहा तासांतच फरक दिसतो. सकाळी जाडसर लगदा होता, संध्याकाळी फ्लास्क तिरका केला की पाण्यासारखं वाहतंय. हे एंडोग्लुकेनेज या सेल्युलेजचं काम, ते साखळी मधेच कुठेही कापतं, साखर फार सुटत नाही पण लांब धागे आखूड होतात आणि जाडपणा उतरतो.

३१ जानेवारी

आलेख सपाट. पहिले २४ तास साखर झपाट्याने चढली, ४८ ला वेग कमी, ७२ ला जवळपास थांबलीच आणि खाली काड अजून बरंच शिल्लक आहे, डोळ्यांनी दिसतंय.

तीन शक्यता आहेत. एक तर एन्झाइम मेलं, नाहीतर जे सोपं होतं ते संपलं आणि उरलेलं काड कठीण आहे, नाहीतर पाण्यात असं काहीतरी साठलंय जे एन्झाइमला रोखतंय. एका फ्लास्कमध्ये ताजं एन्झाइम टाकलं, थोडंसंच वाढलं. दुसऱ्या फ्लास्कमधलं उरलेलं काड गाळून, धुऊन नव्या बफरमध्ये नव्या एन्झाइमसोबत ठेवलं आणि साखर परत चढायला लागली, पहिल्याइतकी जोरात नाही पण स्पष्ट. म्हणजे काड अजून पचण्यासारखं आहे आणि नुसतं एन्झाइम वाढवून भागत नाही. अडथळा त्या पाण्यात आहे.

२ फेब्रुवारी

डीएनएस आपल्याला एकूण रिड्युसिंग साखर सांगते, कुठली साखर ते सांगत नाही. म्हणून टीएलसी (प्लेटवर साखरा वेगळ्या करायची पद्धत) लावली, सिलिका प्लेट, ब्युटेनॉल ॲसेटिक ॲसिड पाणी, शेजारी ग्लुकोज, झायलोज, सेलोबायोजचे स्टँडर्ड. प्लेट सुकवून ऑर्सिनॉल ॲसिड फवारून हीटरवर धरली आणि ग्लुकोजच्या खाली सेलोबायोजच्या रांगेत ठसठशीत डाग उमटला. ग्लुकोजचाही आहेच, पण हा खालचा डाग एवढा गडद असायला नको होता. खात्री करायला ग्लुकोज ऑक्सिडेजच्या किटने नुसतं ग्लुकोज मोजलं, डीएनएसच्या आकड्यापेक्षा बरंच कमी. दोन्हीमधला फरक म्हणजे बहुतेक सेलोबायोज आणि थोडं झायलोज.

मग सगळं जुळतं. सेलोबायोहायड्रोलेज साखळीचं टोक धरून पुढे पुढे सरकत दोन-दोन ग्लुकोजची जोडी तोडत जातं, ती जोडी म्हणजे सेलोबायोज. ती जोडी तोडून सुटं ग्लुकोज करणं हे बीटा-ग्लुकोसिडेजचं काम. ते कमी पडलं की सेलोबायोज साठतं आणि साठलेलं सेलोबायोज सेलोबायोहायड्रोलेजच्याच साखळी धरायच्या बोगद्यात अडकून त्याला थांबवतं. टोलनाक्यावर एकच खिडकी उघडी असली की मागची सगळी लेन उभी राहते तसं, मागे कितीही गाड्या वाढवल्या म्हणून पुढे कमीच जाणार.

आणि ट्रायकोडर्मा रीसेई बीटा-ग्लुकोसिडेज मुळात कमीच सोडते, जे बनवते त्यातलं बरंचसं तिच्या पेशीभित्तीलाच चिकटून राहतं. सेंट्रिफ्यूज केल्यावर ते तंतूंबरोबर खाली बसतं. जंगलात तिला हे परवडतं, साखर तिच्या अंगाशीच सुटते आणि लगेच आत ओढली जाते, दुसऱ्या कुणाला मिळत नाही. आपल्याला मात्र ती पाण्यात हवी आहे.

५ फेब्रुवारी

ॲस्परजिलस नायजर ही दुसरी बुरशी काढली. ही बीटा-ग्लुकोसिडेज भरपूर बाहेर सोडते. दोन्ही बुरशा एकाच फ्लास्कमध्ये वाढवायच्या का यावर वाद झाला, मी नको म्हटलं. नायजर भराभर वाढते, सायट्रिक ॲसिड सोडून पीएच खाली पाडते आणि आज जे प्रमाण मिळालं ते पुढच्या वेळी मिळेल याची खात्री राहत नाही. वेगळं वाढवा, वेगळं मोजा, मग पाहिजे त्या मापात मिसळा.

गव्हाच्या कोंड्यावर सॉलिड स्टेटमध्ये (मोकळ्या पाण्याशिवाय) लावली, ओलावा ६० ते ६५ टक्के, मूठ दाबली तर पाणी ठिबकायला नको पण गोळा झाला पाहिजे एवढंच ओलं. नायजरचे काळे बीजाणू कोरडे असतात आणि जराशा वाऱ्याने उडतात, फ्लास्क बायोसेफ्टी कॅबिनेटच्या बाहेर उघडायचा नाही, मास्क लावूनच. ज्याला दमा आहे त्याने या कामात यायचंच नाही असं ठरवलंय.

११ फेब्रुवारी

कोंड्यातून बफरने एन्झाइम काढून घेतलं. पीएनपीजी (बीटा-ग्लुकोसिडेजने तोडलं की पिवळा रंग देणारं रसायन) वर मोजलं, सोडियम कार्बोनेट टाकल्याबरोबर ट्यूब पिवळीधमक झाली, ट्रायकोडर्माच्या ब्रॉथची शेजारी फिकट. मीटर लावायच्या आधीच उत्तर दिसत होतं.

१५ फेब्रुवारी

मिश्रण लावून ७२ तास झाले. ट्रायकोडर्माचा डोस तोच १५ एफपीयू, वरून नायजरचं एन्झाइम वेगवेगळ्या प्रमाणात. टीएलसीवर सेलोबायोजचा डाग जवळपास गेलाय आणि खाली उरलेलं काड स्पष्ट कमी आहे. एकूण सेल्युलेज वाढवलेलं नाही हे लक्षात घ्या, फक्त शेवटची पायरी मोकळी केली आणि मागच्या सगळ्या पायऱ्यांना वेग आला. नायजरचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे वाढवून पुढे फरक पडत नाही, ती मर्यादा सापडली, तीच पुढे वापरणार.

एक बाजूची गोष्ट. बीटा-ग्लुकोसिडेज साखर दाट झाल्यावर नुसतं तोडत नाही, जोडूनही बसतं, आणि त्यात सोफोरोज नावाची जोडी बनू शकते. हेच सोफोरोज ट्रायकोडर्माला सेल्युलेज बनवायचा इशारा देतं. बुरशीला समोर सेल्युलोज आहे हे कळतं ते असंच असं मानलं जातं, कारण सेल्युलोज स्वतः तर विरघळत नाही, पेशीच्या आत जाणार कसं. हे वाचलं तेव्हा मी हातातलं काम सोडून बसून राहिले होते.

आलेख मात्र शेवटी परत सपाट होतोच. आता पाण्यात ग्लुकोज साठलंय आणि ग्लुकोज बीटा-ग्लुकोसिडेजला रोखतं. अडथळा गेला नाही, एक पायरी पुढे सरकला.

१९ फेब्रुवारी

ग्लुकोज साठू द्यायचंच नाही, सुटल्या सुटल्या यीस्टने खाऊन टाकायचं. पचन आणि फर्मेंटेशन एकाच भांड्यात, ही कल्पना १९७० च्या दशकापासूनची आहे. भांडण तापमानाचं, एन्झाइमला ५० डिग्री पाहिजे, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टला ३० ते ३२. मधला रस्ता ३७. आम्ही पहिले काही तास ५० ला नुसतं एन्झाइम, मग थंड करून ३७ ला यीस्ट असं लावतोय. पहिल्या टप्प्यात फ्लास्कला हवाही मिळू देतोय, ती मुद्दाम. ट्रायकोडर्माच्या मिश्रणात एलपीएमओ असतात, तांब्यावर चालणारे एन्झाइम, स्फटिकासारख्या घट्ट सेल्युलोजला ऑक्सिडेशनने चीर पाडतात. २०१० च्या सुमाराला ते कसं काम करतात ते कळलं, त्याआधी त्यांना साधं सेल्युलेज समजायचे. त्यांना ऑक्सिजन लागतो आणि यीस्ट आलं की ऑक्सिजन तेच संपवतं, म्हणून जे करून घ्यायचं ते आधी.

अझाइड अर्थात नाही. काड ऑटोक्लेव्ह केलं, एन्झाइम ०.२२ मायक्रॉनमधून गाळलं, फिल्टर सारखा चोंदत होता.

२३ फेब्रुवारी

वजनावर लक्ष ठेवलं. ४६ ग्रॅम इथेनॉल बनताना ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो, म्हणजे फ्लास्कचं वजन जेवढं घटलं त्याला १.०४५ ने गुणलं की इथेनॉल, न उघडता, न सॅम्पल काढता. १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५ ग्रॅम काड, त्यात ३ ग्रॅम सेल्युलोज, कमाल इथेनॉल १.७ ग्रॅम. वजन १.३ ग्रॅमने घटलं, म्हणजे १.३६ ग्रॅम, ८० टक्के. नंतर जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) तपासलं, जवळपास तेच. पाण्यातलं ग्लुकोज अगदी नगण्य. टीममध्ये सगळ्यांना आनंद झाला, मलाही.

पण पाण्यातल्या इथेनॉलची टक्केवारी बघा, १.३६. एवढं पातळ डिस्टिल करायचं तर नुसतं पाणी तापवण्यातच सगळं जाईल. साधारण ४ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय डिस्टिलेशनला अर्थ नाही असं धरतात. ८० टक्केच मिळणार धरून उलटा हिशोब केला तर १०० मिलीत १५ ग्रॅम काड पाहिजे.

४ मार्च

१५ टक्के. हे लिहायला सोपं आहे. फ्लास्कमध्ये मोकळं पाणीच दिसत नाही, सगळं काडाने शोषून घेतलेलं, शेकरवर ते एका गठ्ठ्यासारखं फिरतं आणि आत काहीच मिसळत नाही. म्हणून हप्त्याहप्त्याने टाकलं, आधी थोडं काड आणि सगळं एन्झाइम, ते पातळ झालं की पुढचा हप्ता. हे जमलं. इथेनॉल ४ टक्क्यांच्या जवळ आलंय, पण पूर्ण ८० टक्के मिळत नाहीये. काड वाढलं तसं लिग्निनही वाढलं आणि एन्झाइम लिग्निनला चिकटून वाया जातं. थोडं पीईजी (एक पॉलिमर) टाकलेले फ्लास्क पुढे आहेत, ते आधी लिग्निनवर जाऊन बसतं आणि एन्झाइमला जागा ठेवत नाही.

डिस्टिलेशन छोट्या काचेच्या सेटवर केलं, त्याबद्दल विशेष काही नाही. ९५.६ टक्क्यांना पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात, त्यापुढे ३ अँगस्ट्रॉमची मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषून धरणारे अतिसूक्ष्म छिद्रांचे दाणे) लागते, पेट्रोलमध्ये मिसळायचं तर ते कोरडंच हवं.

९ मार्च

डिस्टिलेशननंतर खाली उरलेलं पाणी टीएलसीवर टाकलं. ग्लुकोज नाही, सेलोबायोज नाही आणि झायलोजचा डाग भलामोठा. सॅकरोमायसिसला झायलोज खाताच येत नाही. म्हणजे काडातली साखरेची दुसरी मोठी वाटणी आपण चांगली सोडवून घेतली, विरघळवली आणि तशीच खाली ओतायला ठेवली. मला हे सहन होत नाही.

दोन वाटा आहेत. शेफरसोमायसिस स्टिपिटिस हे यीस्ट झायलोजचं इथेनॉल करतं पण त्याला अगदी किंचित हवा लागते, जास्त दिली तर नुसतं वाढत बसतं, आणि इथेनॉल त्याला सॅकरोमायसिसइतकं सोसत नाही. दुसरी वाट म्हणजे हत्तीच्या शेणातल्या पायरोमायसिस या बुरशीतला झायलोज आयसोमरेज या एन्झाइमचा जीन घातलेलं सॅकरोमायसिस, यात झायलोज वाटेत झायलिटॉल बनून तिथेच अडकण्याचा प्रश्न टळतो, पण तो स्ट्रेन आपल्याकडे नाही आणि जनुक बदललेला जीव आणायचा तर परवानग्या लागतील. आधी स्टिपिटिस. इथेनॉल काढून घेतल्यावर उरलेल्या पाण्यावरच लावू म्हणजे त्याला इथेनॉलचा त्रास नाही. फक्त त्या पाण्यात ॲसेटिक ॲसिड किती आहे ते आधी मोजायला पाहिजे, झायलानवरचे ॲसेटिल गट बरेचसे अल्कलीतच निघून गेले असावेत. ॲसिटेटचं रीडिंग उद्या, ते कमी आलं तर उद्याच स्लांट काढते.